जुने एमएमए विजेते आजच्या पिंजऱ्यात: कोण टिकेल, कोण नाही

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स: ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत. प्रश्न असा आहे: रॉयस ग्रेसी, मार्क कोलमन, फेडोर एमेलियानेन्को, अँडरसन सिल्वा, जॉर्ज सेंट-पिएर ही आपापल्या काळात हरवता न येणारी माणसं. ती ऐन भरात असतानाची जशीच्या तशी उचलून आजच्या पहिल्या दहांतल्या कुणासमोर उभी केली, तर काय होईल?

मी वीस वर्षांहून जास्त काळ ग्रॅपलिंग (धरपकडीची कुस्ती) आणि एमएमए शिकवतोय. लढतीच्या रात्री खेळाडूच्या कोपऱ्यात बसून पाण्याची बाटली आणि बर्फाची पिशवी सांभाळण्यातही बरीच वर्षं गेली आहेत. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. 1990च्या दशकातले बहुतेक विजेते पहिल्या राउंडमध्येच अडचणीत येतील. 2000 नंतरच्या सहा-सात वर्षांतले मोजके टिकतील. साधारण 2008पासून शिखरावर असलेल्यांपैकी चार-पाच जण मात्र आजही पट्ट्यासाठी, म्हणजे विजेतेपदासाठी, लढतील. वर्ष हा ढोबळ अंदाज झाला. एखादा माणूस टिकेल की नाही, हे मी दुसऱ्याच गोष्टीवरून बघतो: त्याच्या काळात त्याला कुणी कशाची शिक्षा दिली होती आणि कशाची दिलीच नव्हती.

त्याआधी एक चुकीचा पुरावा बाजूला काढतो, कारण या वादात तो हमखास पुढे केला जातो. चक लिडेल 2018 मध्ये टिटो ऑर्टिझकडून पहिल्या राउंडमध्ये नॉकआउट झाला. बी. जे. पेन हा दोन वजनगटांचा विजेता, पण कारकिर्दीच्या शेवटी सलग सात लढती हरला. यावरून 'बघा, जुने लोक टिकत नाहीत' असं म्हणणं चूक आहे. लिडेल तेव्हा 48 वर्षांचा होता. वय वाढलं की आधी पाय जातात, मग ठोसा पचवायची ताकद जाते. डोकं अजून सगळं वेळेवर ओळखत असतं, शरीर अर्ध्या सेकंदाने मागे पडतं. मी हे माझ्या खेळाडूंमध्ये बघितलंय आणि ते बघणं फार जड जातं. त्यातून वयाबद्दल कळतं, काळाबद्दल काहीच कळत नाही.

आता रॉयसकडे येऊ. 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये यूएफसी या आजच्या सगळ्यात मोठ्या एमएमए संस्थेची पहिली स्पर्धा झाली. रॉयसने एका रात्रीत तीन माणसं हरवली, आणि तिन्ही लढती मिळून पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्याने डॅन सेव्हर्नला पायांच्या त्रिकोणी कात्रीत गळा धरून हरवलं. सेव्हर्न त्याच्यापेक्षा कितीतरी वजनदार आणि अव्वल दर्जाचा कुस्तीगीर, पंधरा मिनिटं वरच होता. आपला गळा नेमका कशात अडकतोय, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. रॉयसची ताकद इथे होती: त्याला जे येत होतं, ते समोरच्याने कधी पाहिलेलंच नव्हतं. आज तीच कात्री कुठल्याही क्लबमध्ये नवशिक्याला सुरुवातीच्या काही आठवड्यांत शिकवतात, आणि ती कशी सोडवायची तेही त्याच तासाला.

काळाची अदलाबदल प्रत्यक्षात घडल्यासारखी एक लढत आपल्याकडे आहे. मे 2006 मध्ये लॉस एंजेलिसला रॉयस तेव्हाचा वेल्टरवेट (77 किलो) विजेता मॅट ह्यूजसमोर उतरला. ह्यूजने त्याला खाली पाडलं, बाजूने दाबलं, हात सरळ करून मुरगाळला. रॉयसने हार मानली नाही. मग ह्यूजने पाठ घेतली आणि ठोसे मारून पहिल्याच राउंडमध्ये लढत संपवली. रॉयस 39 वर्षांचा होता, त्यामुळे वयाचा भाग वजा करायलाच हवा. पण मला त्या लढतीत खुपलेली गोष्ट वयाची नव्हती. खाली पडल्यावर रॉयसने उठायची धडपड जवळजवळ केलीच नाही. पाठीवर राहून वाट बघायची, समोरचा चूक करेल तेव्हा पकडायचं, ही त्याची पद्धत होती. 1994 मध्ये समोरचा चूक करायचाच.

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते जुन्या आणि नव्या काळातला सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. लोक नवे डाव मोजतात. पण गळा आवळायचे मुख्य प्रकार तेच आहेत, आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव) तोच आहे, उजव्या हाताचा सरळ ठोसाही तोच. बदललाय तो दोन डावांमधला काळ: पडल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची पाच-सात सेकंदं, जाळीला टेकल्यापासून सुटेपर्यंतचं अर्धं मिनिट.

आज पट काढून खाली आणलेला चांगला खेळाडू काय करतो ते बघा. पाठ जमिनीला लागायच्या आत तो कुशीवर वळलेला असतो. एक कोपर जमिनीत रोवतो आणि कंबर सरकवत जाळीकडे जातो. पाठ जाळीला टेकली की त्याचे दोन्ही हात मोकळे होतात. मग तो वरच्याच्या एकाच मनगटावर दोन्ही हातांनी तुटून पडतो, कारण वरच्याने पायांभोवती घातलेली हातांची कडी तुटल्याशिवाय उठता येत नाही. कडी तुटली की एक तळहात मागे टेकायचा, एक पाय पोटाखाली घ्यायचा, काखेखालून हात घालायचा आणि उभं राहायचं. हे आम्ही ठोसे खात करायला लावतो, थकल्यावर करायला लावतो, एका संध्याकाळी चाळीस-पन्नास वेळा.

यावरचा उताराही आला. रशियातल्या दागेस्तानचे मल्ल वर बसले की स्वतःच्या पायांनी खालच्याचे पाय गुंडाळून बांधतात, आणि त्याने जमिनीवर टेकलेलं मनगट पाठीमागून ओढून घेतात. टेकायला हात नाही, दुमडायला पाय नाही, आणि एक हात पूर्ण मोकळा ठेवून वरचा मारत राहतो. खबीब नुर्मगोमेदोव ऑक्टोबर 2020 मध्ये 29 लढतींत एकही न हरता निवृत्त झाला, त्यातला मोठा वाटा या एका कामाचा. आता त्यावरचे उतारेही शिकवले जातात. डाव, त्यावर तोड, तोडीवर पुन्हा तोड. 1995 चा विजेता या साखळीच्या पहिल्या कडीवर उभा आहे, आणि समोरचा पाचव्या-सहाव्या.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला. ज्युजित्सूचा, म्हणजे रॉयसच्याच जमिनीवरच्या पद्धतीचा, काळा पट्टा, दहा वर्षांची मेहनत, चटईवर माझ्या कुठल्याही खेळाडूला सहज पकडणारा. पहिल्या दिवशी हातमोजे घालून स्पॅरिंगला (सरावाच्या लढतीला) उभा केला. त्याला खाली पाडलं की तो पाठीवर शांत पडून पाय बांधायचा, जसं त्याला शिकवलं होतं. वरचा मुलगा ग्रॅपलिंगमध्ये त्याच्या निम्म्याही योग्यतेचा नव्हता. तो जवळ न चिकटता कोपरं मारत राहिला. उठून जायला सांगितलं तर ते काळ्या पट्टेवाल्याला कळायचं, पण शरीर ऐकायचं नाही. पाठ टेकली की शरीराला वाटायचं, आपण घरी आलो. ही सवय मोडायला त्याला आठ-नऊ महिने लागले. रॉयसला आजच्या पिंजऱ्यात उतरवा म्हणतात, तेव्हा मला तो मुलगा आठवतो.

वजनाचाही हिशेब करा. रॉयस पहिल्या स्पर्धेत साधारण 80 किलोचा होता आणि वजन उतरवणं हा प्रकार तेव्हा नव्हताच. आज 70 किलोच्या लाइटवेट गटात लढणारे कितीतरी जण एरवी 80च्या आसपास असतात. म्हणजे आजचा रॉयस लाइटवेट ठरेल, आणि जगातला सगळ्यात खोल गट तोच आहे.

मार्क कोलमनची गोष्ट वेगळी, पण निष्कर्ष तोच. फेब्रुवारी 1997 मध्ये तो यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला. खाली पाडायचं, वर बसायचं आणि डोक्याने, मुठीने मारायचं. जुलैमध्ये मॉरिस स्मिथ हा किकबॉक्सर त्याच्यासमोर आला. सगळ्यांना वाटलं, हा खाली पडला की संपला. स्मिथ पडला, पण संपला नाही. त्याने खालून हात बांधले, श्वास राखला, कोलमनला दमू दिलं आणि एकवीस मिनिटांनी पंचांच्या निकालावर जिंकला. कोलमनचा दम पहिल्या काही मिनिटांतच गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डोक्याने मारण्यावर बंदी आली आणि त्याचं मुख्य हत्यारच गेलं. आजच्या हेवीवेटसमोर तो कोलमन दोन मिनिटं धोकादायक असेल. नंतर तो फक्त जड असेल.

1990च्या दशकातून मला एकच माणूस आणायचा असेल, तर तो फ्रँक शॅमरॉक. सप्टेंबर 1999 मध्ये टिटो ऑर्टिझ त्याच्यापेक्षा स्पष्टच मोठा होता. तीन राउंड ऑर्टिझ वर बसला. फ्रँक प्रत्येक वेळी खालून हलत राहिला, उठत राहिला, वेग कमी होऊ दिला नाही. चौथ्या राउंडच्या शेवटी ऑर्टिझ पार दमला आणि फ्रँकने ठोसे मारून त्याला हार मानून हात आपटायला लावला. कुस्ती, किकबॉक्सिंग, ग्रॅपलिंग आणि दम हे चारही धरून तयारी करणारा तो पहिला विजेता, असं मी मानतो. खाली पडणं म्हणजे तात्पुरती अडचण, असं तेव्हा फार थोडे लोक समजत होते.

फेडोरबद्दल भांडणं फार होतात, त्यामुळे जरा जपून लिहितो. 2003 मध्ये त्याने जपानच्या प्राइड या स्पर्धेत अँतोनिओ रोड्रिगो नोगेइराला हरवलं. बहुतेक वेळ तो नोगेइराच्या पायांमध्ये बसून मारत होता. त्या काळी तिथे बसणं म्हणजे आपणहून जाळ्यात जाणं होतं, आणि फेडोर तिथून हात-मान सोडवून पुन्हा पुन्हा मारायचा. 2004 मध्ये केव्हिन रँडलमनने त्याला उचलून मानेवर आपटलं, आणि त्यानंतर मिनिटभरात फेडोरने त्याचाच हात मुरगाळून लढत जिंकली. तो आघात मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा श्वास रोखला जातो. त्याची शांती, धडपडीतला वेग, वरून फिरवून मारायचा ओव्हरहँड ठोसा या गोष्टी आजही पहिल्या दर्जाच्या आहेत.

पण जून 2010 मध्ये फाब्रिसियो वर्डुम पडला तेव्हा फेडोर त्याच सवयीने त्याच्या पायांमध्ये शिरला आणि 69 सेकंदांत लढत संपली. ज्या जागेत सात वर्षांपूर्वी तो राजा होता, तिथेच सापडला. आजचा खेळाडू वर्डुमसारख्या खालून पकडणाऱ्या माणसाला पाडल्यावर दोन पावलं मागे सरकतो आणि उठायला सांगतो. फेडोरला ही एक सवय सोडावी लागेल. सोडली तर मी त्याला आजच्या हेवीवेट गटात पहिल्या पाचांत धरतो, याचं अर्धं कारण त्याची गुणवत्ता आणि अर्धं कारण तो गट. हेवीवेटमध्ये चांगली माणसं नेहमीच कमी असतात आणि एका ठोशात सगळे हिशेब उलटतात, म्हणून तिथे प्रगती सगळ्यात सावकाश झाली. आंद्रेई आर्लोव्स्की नोव्हेंबर 2000 मध्ये यूएफसीत आला, 2005 मध्ये विजेता होता आणि 2024 मध्येही तिथेच लढत होता. बँटमवेटसारख्या हलक्या गटात असं घडणं मला शक्य वाटत नाही.

उलटी बाजूही मांडायला हवी. आजच्या खेळाडूला प्राइडच्या रिंगमध्ये नेलं तर? तिथे पहिला राउंड दहा मिनिटांचा होता. खाली असलेल्याच्या डोक्यावर लाथ मारता यायची, गुडघा मारता यायचा. आणि जाळी नव्हती. आजचा खेळाडू पट धरायचा प्रयत्न फसला की बिनधास्त गुडघ्यावर राहतो, डोकं समोरच्याच्या मांडीला लावून दुसरा प्रयत्न करतो, कारण त्या स्थितीत डोक्यावर लाथ येणार नाही हे त्याच्या शरीराला ठाऊक आहे. प्राइडमध्ये त्याच क्षणी लाथ बसली असती. शिवाय जाळीच्या आधाराने उठायचं जे कौशल्य मी वर एवढं वर्णन केलं, ते दोरांच्या रिंगमध्ये निम्मं निकामी होतं. म्हणून नवे लोक सरसकट श्रेष्ठ, असं मी म्हणत नाही. ते आजच्या नियमांवर घासून गुळगुळीत झालेत.

औषधांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने टेस्टोस्टेरॉन घ्यायची वैद्यकीय सवलत फेब्रुवारी 2014 मध्ये बंद केली, आणि 2015 पासून यूएफसीत वर्षभर कधीही चाचणी व्हायला लागली. त्याआधीच्या काळातला कोण कशावर होता, यात मी पडत नाही. पण जुना विजेता आज आणायचा तर आजच्या चाचणीसकट आणावा लागेल.

आता आशेची बाजू, आणि ती जोझे अल्डोशिवाय सांगताच येत नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये तो फेदरवेट (66 किलो) विजेता झाला. एप्रिल 2010 मध्ये युरायाह फेबरच्या मांडीवर त्याने अशा लाथा मारल्या की पाच राउंडच्या शेवटी फेबरला धड उभं राहता येत नव्हतं. त्यानंतर लाथांचं शास्त्रच बदललं. मांडीवर येणारी लाथ गुडघा उचलून नडगीवर झेलता येते. पण पोटरीवर, गुडघ्याच्या जरा खाली बाहेरच्या बाजूला मारलेली लाथ झेलायला तेवढा वेळ मिळत नाही, आणि तिथून जाणारी नस चेपली की पाऊल उचलेनासं होतं. कॉनर मॅकग्रेगरने डस्टिन पोइरिएला 2014 मध्ये पहिल्या राउंडमध्ये हरवलं होतं. जानेवारी 2021 मध्ये पोइरिएने त्याच्या पुढच्या पायाची पोटरी फोडून काढली आणि दुसऱ्या राउंडमध्ये त्याला झोपवलं. माणसं तीच होती, मधल्या सहा-सात वर्षांत खेळ पुढे गेला होता.

मग मे 2024 मध्ये अल्डो रिओमध्ये जॉनथन मार्टिनेझसमोर उतरला. मार्टिनेझ सलग सहा लढती जिंकून आलेला आणि लाथांनीच माणसं संपवणारा. अल्डो 37 वर्षांचा, जवळजवळ दोन वर्षं एमएमए न लढलेला. तिन्ही पंचांनी अल्डोला विजयी दिलं. 2010 चा लाथांचा राजा 2024 च्या लाथांच्या राजासमोर, आणि जिंकला जुनाच! त्याला पोटरीवरची लाथ नवी असेल, पण अंतर ओळखणं, पाय काढून घेणं, लाथ उचलली जात असतानाच ठोसा टाकणं या सवयी पंधरा वर्षं मुरलेल्या होत्या.

त्याआधी, ऑगस्ट 2022 मध्ये, मेराब द्वालिशविलीने त्याला खाली पाडायचे सोळा प्रयत्न केले. एकही जमला नाही. हा मेराब दोन वर्षांनी विजेता झाला. अल्डोचा बचाव अजून बिनतोड होता, तरी निकाल मेराबकडे गेला. मेराबने त्याला पाडता येईना म्हणून जाळीला दाबून ठेवलं, आणि अल्डो तिथे पाडू न देण्यातच गुंतून राहिला, मारायचा राहिला. जुन्या शिकवणीत खाली न पडणं म्हणजे जिंकणं होतं. आज पट वाचवता वाचवता कोपर मारून निघून जावं लागतं. ही लढत मी माझ्या मुलांना वारंवार दाखवतो.

सेंट-पिएरबद्दल माझ्या मनात शंका नाही. डिसेंबर 2010 मध्ये त्याने जोश कोशेकची डोळ्याची खोबण बहुतांशी एका जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, फोडली. त्याच जॅबच्या मागून तो पटात शिरायचा, त्यामुळे समोरच्याला वर बघावं की खाली हेच कळायचं नाही. आज सगळे हेच करू पाहतात. चार वर्षं घरी बसून, 36व्या वर्षी, नोव्हेंबर 2017 मध्ये तो वरच्या वजनगटात आला आणि मायकेल बिस्पिंगचा गळा आवळून पट्टा घेऊन गेला. 2009-10 मधला सेंट-पिएर आजच्या वेल्टरवेटमध्ये पहिल्या तिघांत असेल, कदाचित सगळ्यांत वर.

अँडरसन सिल्वावर माझं प्रेम आहे, तरी त्याला मी एवढं वर ठेवत नाही. ऑगस्ट 2010 मध्ये चेल सोननने त्याला चार राउंड आणि वर काही मिनिटं खाली दाबून ठेवलं होतं. पाचव्या राउंडमध्ये सिल्वाने त्रिकोणी कात्रीत पकडलं आणि पट्टा वाचला. उभ्या लढतीत त्याच्याइतकं वेळेचं भान आजही मला कुणात दिसत नाही. पण 2025 मध्ये मिडलवेटचा पट्टा जिंकलेला खमझात चिमाएव हे सोननचंच काम करतो, आणि गळा देत नाही.

शेवटचा फाटा असा: हीच माणसं वीस वर्षं उशिरा जन्मली असती तर? तेव्हा प्रश्नच उरत नाही. रॉयससुद्धा बारा वर्षांचा असताना कुस्ती आणि बॉक्सिंगला गेला असता. म्हणून मी स्वतःसाठी प्रश्न जरा बदलतो. जुना विजेता त्याच्या सर्वोत्तम वर्षातून आणा, आजच्या चांगल्या संघात सहा महिने ठेवा आणि मग लढवा. यात अल्डो आणि सेंट-पिएर यांना फार काही शिकवावं लागणार नाही. फेडोरला एका जागेपासून दूर ठेवावं लागेल. रॉयसला सहा महिने पुरणार नाहीत. आणि फ्रँक शॅमरॉक माझ्याकडे आला, तर पहिल्याच दिवशी त्याला जमिनीवर घेणार नाही. उभं करून पुढचा पाय जरा मागे घ्यायला सांगेन, पायाची बोटं आणि नडगी बाहेर वळवायला सांगेन, आणि पोटरीवर हळू लाथा मारत राहीन, न बघता पाय वळायला लागेपर्यंत.